आतली खूण

“ती पोरगी बोलत न्हाय, म्हणूनच मला तिचं खरं वाटत न्हाय.”

दार अर्धवट लोटलेलं होतं. आतून हे वाक्य आलं तेव्हा माझी एक चप्पल काढून झाली होती आणि दुसरीचा पट्टा मी सोडवत होते. आमच्या प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र होतं, म्हणून तिथे चपला घालून जायला बंदी होती. बोलणाऱ्या चौगुले मॅडम होत्या. तसा आवाज आमच्या कॉलेजात दुसऱ्या कुणाचाही नव्हता. ऐकणारी अमृता होती, त्यांच्याकडेच पीएच.डी. करणारी, मला सीनियर. आणि ‘ती पोरगी’ म्हणजे मी.

मी चप्पल पुन्हा पायात सरकवली आणि आवाज न करता जिना उतरले. कॅन्टीनपर्यंत जाऊन परत आले, तेव्हा मॅडम बाहेरच्या टेबलाशी बसून एका अंड्याला कान लावत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “आलीस व्हय, कॉन्व्हेंट? बस.” जणू काही झालंच नव्हतं. मीही तसंच दाखवलं. ते मला चांगलं जमतं. इंग्रजी शाळेत शिकले, घरी मराठी बोलले. त्यामुळे दोन्ही भाषांत गप्प बसता येतं.

मॅडमचा विषय वाढणारा मेंदू. कोंबडीच्या अंड्याच्या कवचाला बारीक खिडकी पाडायची, आतल्या गर्भावर काम करायचं, खिडकी चिकटपट्टीने बंद करायची आणि अंडं परत उबेत ठेवायचं. सुरुवातीला गर्भाचा मेंदू म्हणजे पाठीवर मिटत जाणारी एक नळी असते. तिच्यातल्या पेशी एकसारख्या दिसतात. मग त्यांच्यातलीच एक पंख हलवणारी होते, एक चटका लागल्याचं कळवणारी होते, एक या दोघींमध्ये निरोप पोचवणारी. प्रत्येकीला आपण कोण ते कसं कळतं? मॅडमनी नोकरीची सगळी वर्षं या एका प्रश्नामागे घालवली, आणि मला वाटतं त्याच्या उत्तरावरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता.

कारण त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. त्यांचा आवडता शब्द ‘कशावरून?’ शिपाई म्हणाला, अकराला लाइट येणार, की “कशावरून?” ऑफिसातून निरोप आला, तुमची फाइल पुढे गेली, की “कशावरून?” एका विद्यार्थ्याने नवीन वर्षाच्या शुभेच्छा देताना हे वर्ष तुम्हाला सुखाचं जाईल म्हटलं, त्यालाही तेच ऐकावं लागलं. चहा आधी हुंगायच्या. रिक्षात बसल्या की मीटरकडे नाही, रिक्षावाल्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायच्या. उंच, रुंद खांद्यांच्या, सुती साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ आणि चष्मा कायम कपाळावर. चष्मा डोळ्यांवर आला, की समोरच्या माणसाने घाबरायचं, असा आमचा अंदाज.

त्या मूळच्या गडहिंग्लजकडच्या. घर शेतकऱ्यांचं. थोरल्या बहिणीला अक्का म्हणायच्या, आणि स्वतःबद्दल बोलताना तिकडच्या बायका बोलतात तसं ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायच्या. कॉलेजातल्या बाकीच्या बायका आपापल्या गावची भाषा घरी ठेवून येत. मॅडम ती वर्गात आणायच्या, कॉन्फरन्सला न्यायच्या, आणि फोनवर दिल्लीच्या माणसाशी इंग्रजी बोलतानाही शेवटी एक “की” लावायच्या.

अंडी हातकणंगल्याच्या बाजूच्या एका पोल्ट्रीतून यायची. खायची अंडी आम्हाला चालत नसत. ज्यातून पिल्लू निघेल तीच हवीत. पोल्ट्रीवाला ट्रे टेबलावर ठेवून म्हणायचा, “हॅचिंगचीच हायत मॅडम. डोळं झाकून घ्या.”

“डोळं झाकून घ्यायला मी काय लगीन करतोय व्हय? कशावरून हॅचिंगची?”

“कोंबडं हायत की आमच्याकडं.”

“कोंबडं असतील हो पावणं. पर ही कोंबडी त्येला भेटली, हे कशावरून?”

अख्खा कॉरिडॉर हसायचा, पोल्ट्रीवाला लाजायचा. मॅडम मात्र हसत नसत. ट्रेमधलं कुठलंही एक अंडं उचलून काचेच्या बशीत फोडायच्या आणि बलकावरचा पांढरा ठिपका भिंगाखाली बघायच्या. ठिपक्याभोवती कडं असलं तर अंडं फळलेलं, नुसता गच्च ठिपका असला तर नाही. कडं दिसलं की म्हणायच्या, “भेटलीया.” मग ट्रे आत जायचा.

बंगळुरूहून बर्फात घालून एक रसायन यायचं. वाटेत ते तापलं तर वाया. कुरिअरवाला जिना चढून आला की मॅडम त्याला उभा करायच्या, खोका उघडून बर्फाजवळ हात धरायच्या. “उन्हात किती वेळ थांबलासा? चहा प्यायला थांबलासा का?”

“न्हाय मॅडम, देवाशपथ.”

“कशावरून?”

मग बर्फ शाबूत आहे अशी खात्री झाली की म्हणायच्या, “थांबला न्हाईसा न्हवं? मग आता बसा. अमृता, पावण्यास्नी चहा सांग.”

लोकांना त्यांचा राग यायचा आणि टिकायचा नाही, याचं कारण बहुधा तो चहा.

त्यांचा एक तास मला अजून आठवतो. फळ्यावर नळीचा आडवा छेद काढला, म्हणजे नुसतं एक लांबट भोक, आणि खडू ठेवून विचारलं, “गुऱ्हाळात चुलवणापाशी बसलेला गडी काय करतो?”

“घाम पुसतो,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आणि लांब, उसाच्या ढिगापाशी बसलेला?”

“घोंगडं गुंडाळतो.”

“त्येला कुणी जाऊन सांगितलं काय, तू घोंगडं घे म्हणून?”

“न्हाय मॅडम. त्येला थंडी वाजती.”

“हां. ह्या नळीच्या बुडाशी चुलवाण हाय.” त्यांनी भोकाच्या खाली एक गोळा काढला. “तिथनं रसायन झिरपतंय. जवळच्या पेशीला ज्यास्त, लांबच्या पेशीला कमी. कुणी कुणाला नाव देत न्हाय. किती धग लागती आणि किती वेळ लागती, त्यावरनं पेशी ठरवती आपण कोण. बुडाजवळच्या झाल्या हालचाल करवणाऱ्या. वरच्या टोकाला दुसरं चुलवाण, त्याची धग येगळी. तिथं चटका कळवणाऱ्या.”

अमृताने हात वर केला. “मग लांबची पेशी उचलून चुलवणाजवळ ठेवली तर?”

“लवकर ठेवलीस तर ती जवळच्यांसारखी हुईल. उशीर केलास तर न्हाय. एकदा तिचं ठरलं, की किती बी धग लाव, ती बदलत न्हाय.” मग फळा पुसता पुसता, आमच्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, “मी पयल्यांदा हितं मुलाखतीला आलतो तवा एका साहेबानं सांगितलं, बाई, आधी भाषा सुधारा. मी म्हटलं, उशीर केलासा. मी ठरल्यावर कोल्हापुरात आलोय.”

आणखी एक गोष्ट त्या दरवर्षी शिकवायच्या. कोंबडीच्या गर्भातला नळीचा तुकडा काढून तिथे बटेराच्या गर्भातला तुकडा बसवता येतो. बटेर म्हणजे तो छोटा, ठिपक्यांच्या अंड्यांचा पक्षी. त्याच्या पेशी कोंबडीच्या शेजारणींकडून शिकतात, त्यांच्यासारखीच कामं करतात. पण विशिष्ट रंग दिला की बटेराच्या पेशीच्या केंद्रात एक गडद डाग दिसतो, जो कोंबडीच्या पेशीत तसा नसतो. पेशी कुठेही जाऊ दे, काहीही होऊ दे, तो डाग जात नाही. “म्हणून ह्यो प्रयोग मला पटतो,” मॅडम म्हणायच्या. “वरनं चिकटवलेली चिठ्ठी सुटती, पुसती, कुणी बदलतं. खूण आतली पायजे.”

चिठ्ठ्यांवर तर त्यांचा खास राग. त्यांच्या प्रयोगशाळेची रीतच होती, की सूक्ष्मदर्शकाखाली काच बघण्याआधी तिच्या कोपऱ्यातल्या नावावर पांढरी चिकटपट्टी लावायची. काच कुणाची, गर्भ प्रयोगातला की साधा, हे बघणाऱ्याला कळता कामा नये. खिशातलं रीळ त्यासाठी. “नाव वाचलं की डोळं खोटं बोलत्यात,” असं त्यांचं म्हणणं.

माझं काम सांगायला सोपं होतं. बंगळुरूहून येणारं रसायन म्हणजे बुडाच्या चुलवणातून झिरपतं तेच. त्यात भिजवलेला, मोहरीहूनही बारीक मणी मी गर्भाच्या मानेजवळ, नळीच्या उजव्या बाजूला ठेवत होते. म्हणजे उजवीकडे एक जादा चुलवाण. मॅडमचं खरं असेल तर तिथल्या पेशींनी आपलं ठरवणं बदलायला हवं होतं, आणि जिथे एरवी हालचालीच्या पेशी होत नाहीत तिथे त्या व्हायला हव्या होत्या. डावी बाजू तशीच राहणार, तुलनेसाठी. मणी पुढे गर्भाचे काप घेताना पात्याने निघून पडायचा, त्यामुळे तो काचेवर दिसायचा नाही. सगळी मदार बाजूवर.

काचा तयार झाल्या. हालचालीच्या पेशी तपकिरी रंगल्या होत्या, आणि बुडाजवळच्या नेहमीच्या दोन पुंजक्यांखेरीज बाजूला तिसरा पुंजका होता. मी तो पाहिला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. असतं तरी मी ओरडले नसते.

मॅडमनी नावं झाकून सगळ्या काचा बघितल्या. मग चिकटपट्ट्या काढल्या आणि चष्मा डोळ्यांवर आला.

“ह्या काचांवर पुंजका उजवीकडं. ह्या काचांवर डावीकडं. मणी कुठं ठेवलातास?”

“उजवीकडे.”

“सगळ्यांत?”

मी मान हलवली.

“कशावरून?”

माझ्याकडे उत्तर होतं: माझ्या हातांवरून. प्रत्येक अंड्यावर वाकताना मी श्वास धरून मनात ‘उजवी’ म्हणत होते. पण हे काही उत्तर नव्हे, हे मला त्यांच्याकडेच शिकून कळलेलं होतं.

“एक तर तू अंडी उलटीसुलटी धरलीस. न्हाय तर पुंजका सुई लागून झालाय, मण्यानं न्हवं. न्हाय तर...” तिसरं त्या बोलल्या नाहीत. काचांचा डबा बंद करून त्यांनी आपल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. “सेमिनारला पुण्याचं पावणं येणार हायत. त्यांच्या म्होरं उघडू. तवर कुणी हात लावायचा न्हाय.”

सेमिनारनंतर माझी पीएच.डी.ची नोंदणी पक्की व्हायची होती. पुण्याहून येणाऱ्या परीक्षकाने काम अमान्य म्हटलं असतं, तर ती रद्द झाली असती. आणि कामात खोटेपणा आहे असा नुसता वास आला असता, तरी पुढे कुठल्याच प्रयोगशाळेत मला कुणी घेतलं नसतं.

ते दिवस मी संशय घेण्यात घालवले. मॅडमबरोबर राहून तो रोग लागतोच. डबा कपाटात खरंच आहे का? अमृताच्या शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती; माझा तिसरा पुंजका तिच्या कामात गेला तर? एकदा मी आत गेले तेव्हा दोघी सूक्ष्मदर्शकाशी होत्या. मी दिसताच बोलणं थांबलं. अमृता म्हणाली, “काय गं, जेवलीस का?” सकाळचे दहा वाजले होते. मॅडमच्या कोटाच्या बाहीला पांढऱ्या चिकटपट्टीचा ताजा तुकडा चिकटलेला मी पाहिला. म्हणजे काचा पुन्हा बाहेर निघाल्या होत्या. कुणासाठी?

त्या विचारात घरी आले. आई इस्त्री करत होती, आणि लाइट गेली. इस्त्री गार पडू लागली तशी ती घाईने बाबांचा शर्ट उरकायला लागली, आणि मला ती दुपार आठवली.

गर्भ मेणात बसवून त्याचे पातळ काप घेतात. काप एकमेकांना चिकटून फीत होते. ती कोमट पाण्यावर तरंगवायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर उचलायची. मेणाच्या फितीची एक बाजू चकचकीत असते, दुसरी निस्तेज. चकचकीत बाजू पाण्याकडे ठेवायची. चुकून उलटी पडली तर उजवं ते डावं होतं. त्या दुपारी मी काप घेत होते, अमृता फिती पाण्यावर सोडत होती, आणि मधेच लाइट गेली होती. पाणी गार व्हायच्या आत उरकायचं म्हणून आम्ही खिडकीचे जाड पडदे न उघडताच, मोबाइलच्या उजेडात काम चालू ठेवलं. त्या उजेडात दोन्ही बाजू चकचकीत दिसत होत्या.

पण हेही ‘कशावरून’ला पुरणारं नव्हतं. फिती उलटल्या असतील, एवढंच. कुठल्या? मी मोबाइलमधले फोटो उघडले. काचांचे मी भरपूर फोटो घेतले होते, पण सगळे जवळून, नुसत्या नळीचे. मला हवं होतं ते नळीच्या खाली, चौकटीबाहेर राहिलं होतं. ते कपाटात होतं, आणि किल्ली मॅडमच्या गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीला. जाऊन मागायचं, तर बोलावं लागणार होतं. आणि कुलुपाआड अमृता आणि मॅडम काय करत होत्या, हे मला माहीत नव्हतं. मी मागितलं नाही.

मॅडम आता निवृत्त होऊन गावी राहतात. ते सेमिनार त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातलं. त्यानंतर माझं त्यांच्याशी फोनवर बोलणं होतं, पण भेट नाही. चप्पल काढताना दारातून ऐकू आलेल्या वाक्याबद्दल मी कधी विचारलेलं नाही. त्या बसायच्या त्या स्टुलावरून उंबऱ्याची फट दिसते, आणि फटीत माझी काढलेली चप्पल पडली होती. त्यांनी ती पाहिली होती आणि मला ऐकू जावं म्हणूनच त्या बोलल्या, असा मला दाट संशय आहे. पण विचारलं तर त्या काय म्हणतील हे ठाऊक आहे, आणि माझ्याकडे पुरावा नाही.

सेमिनारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला पडदा जोडलेला होता. मॅडम त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या, डबा मांडीवर. पुण्याचे परीक्षक हळू आवाजाचे, सज्जन गृहस्थ होते. मी इंग्रजीत, माझ्या नेहमीच्या पुटपुटत्या आवाजात काम मांडलं. मग मॅडमनी सगळ्यांसमोर डबा उघडला आणि एक काच लावली. पडद्यावर नळी आली, तिचे दोन पुंजके आले, आणि तिसरा. डावीकडे.

“मणी तुम्ही उजवीकडे ठेवला म्हणता,” परीक्षक म्हणाले. “इथे डावीकडे दिसतंय. दुसऱ्या काचेवर उजवीकडे. मग मी कशावर विश्वास ठेवायचा?”

अमृता पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसली होती, लावलेलंच झाकण. मी मॅडमकडे बघितलं. गाइडने अशा वेळी काहीतरी सावरून घ्यायचं असतं.

“माझ्याकडं काय बघतीस? मी न्हवतो तिथं,” मॅडम म्हणाल्या. मग परीक्षकांना, “तिला सांगायचं असंल तर ती सांगंल. न्हाय सांगितलं तर तुमास्नी काय लिवायचं ते लिवा.”

मी उठले. सूक्ष्मदर्शकापाशी गेले. मॅडमनी खुर्ची जरा मागे घेतली, पण उठल्या नाहीत. मी बटण फिरवलं. पडद्यावरची नळी वर वर गेली आणि दिसेनाशी झाली. घशाची पोकळी आली, तीही गेली. मग ते आलं. त्या वयाच्या गर्भात ते म्हणजे वळलेली एक नळीच, आत रक्ताचे ठिपके. तिचा फुगवटा डावीकडे होता.

मी दुसरी काच लावली. तिसरा पुंजका उजवीकडे. बटण फिरवलं. फुगवटा उजवीकडे.

परीक्षक पुढे झुकले होते. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. मी परत जागेवर जायला वळले.

“कुठं निघालीस?”

मॅडमचा चष्मा डोळ्यांवर होता. ओठ घट्ट, एक हात कोटाच्या खिशात, चिकटपट्टीच्या रिळावर. पोल्ट्रीवाल्याच्या अंड्याकडे बघायच्या तशाच त्या माझ्याकडे बघत होत्या. मला त्या आठवतात त्या अशाच.

“हातानं दावू नको. हातानं कोण बी दावंल. पयली काच उलटी चिकटलीया, असंच सांगायचं हाय न्हवं तुला? कशावरून?”

मी मराठीत बोलले, आणि माझा आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत आलेला मला ऐकू आला.

“दोन्ही काचांवर पुंजका हृदयाच्या फुगवट्याच्याच बाजूला आहे, मॅडम. आणि एवढ्या लहान गर्भाचं हृदय नेहमी उजवीकडेच वळतं. त्यावरून.”